पान एकेचाळीस

गायधनी काका पहिल्यांदा आले तेव्हा
मला वाटलं, नातीची लग्नपत्रिका असेल.
अशोकस्तंभाजवळ, झेरॉक्सच्या मागे माझं टेबल:
पत्रिका, दहाव्याची कार्डं, सोसायटीच्या नोटिसा.
त्यांनी पिशवीतून द्राक्षपेटीचा पुठ्ठा काढला,
पुठ्ठ्याच्या घडीत दाबलेले चौसष्ट कागद.
"कविता आहेत," म्हणाले. "माझ्या नाहीत."

शिमोन व्राबेत्स. आडनावाचा अर्थ चिमणा.
स्लोव्हाकियातला, द्राक्षमळ्यांच्या उतारावरच्या गावचा.
पाचवीला शिकवायचा. एका ओळीपायी नोकरी गेली;
कुठली ओळ, ते त्यालाही कुणी सांगितलं नाही.
मग अकरा वर्षं इस्पितळाच्या बॉयलरखान्यात
कोळसा ओढला,
आणि रात्री भाषांतरं. नुसती भाषांतरं,
तीही छापायची दुसऱ्याच कुणाच्या नावावर.
"स्वतःचं बोलायला बंदी होती," काका म्हणाले,
"लोकांचं बोलायला नव्हती.
पण मूळ कवीनं 'रात्र' लिहिलं असेल
तिथं हा 'रात्रपाळी' घालतो.
सापडतो बरोबर."

काका स्वतः ओझरच्या विमान कारखान्यातले.
तीस वर्षं रशियन मॅन्युअलं इंग्रजीत आणली:
नट डावीकडे फिरवा. पुन्हा फिरवा. थांबा.
त्र्याहत्तर साली लेथ बसवायला आलेला कुणी परदेशी
गेस्टहाउसच्या उशीखाली हे पुस्तक विसरून गेला.
रशियनची काठी टेकत काका त्या भाषेत शिरले,
वीज गेल्यावर शेजाऱ्याच्या घरात शिरावं
तसे.

त्यांच्या टिपा टाइप करताना फॉन्ट रडायचा.
व्ल्क म्हणजे लांडगा. क्र्क म्हणजे मान.
स्वर नाहीतच, अर्धी अक्षरं एकमेकांच्या पाठीवर.
मधेच कुणी नात्यातलं भेटायचं:
मेद म्हणजे मध, चरबी नव्हे.
दिम म्हणजे धूम.

एकेचाळीसवर गाडी अडली.
बॉयलरखान्याची खिडकी, जमिनीलगत.
तिच्यातून माणसांचे फक्त पाय दिसतात,
आणि पडतो तो
स्नेह.
मी म्हटलं, काका, चुकलंय. बर्फ ना?
"बर्फ म्हटलं की गंगेवरचा गोळेवाला दिसतो.
हिम म्हटलं की कॅलेंडरवरचा शंकर.
त्यांच्यात ह्याला स्न्येह म्हणतात, मी काय करू?
लिही. स्नेह पडत होता. खाली टीप दे."
लोक हसतील, म्हटलं.
"हसू देत. चौघं तर वाचणार."

जानेवारीत सुकेण्याहून भावाचा फोन आला.
पारा चारवर. घडांत पाणी उतरलेलं, मणी तडकतील,
ओळीओळीत शेकोट्या पेटवल्यात, माणसं कमी आहेत.
मी गेले. पहाटे बघते तर पानांवर दव गोठलेलं,
ठिबकच्या नळीवर पांढरी खरबरीत रेघ.
काय सुचलं कोण जाणे, काकांना फोन केला.
पहिल्या एसटीनं आले. माकडटोपी, एक्याऐंशी वर्षं.
धुरातून वाट काढत एका वेलीपाशी थांबले,
पान न तोडता त्याला ओठ लावले.
"पन्नास वर्षं," म्हणाले, पुढे काही नाही.
भाऊ ओरडला, बाबा, ऊन येईस्तोवर पानाला हात नका लावू!
काका लगेच मागे सरले, शाळेत ओरडा बसल्यासारखे,
मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले.
बराच वेळ.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर.
"एकेचाळीसची टीप काढून टाक."
काढली. खाली चार ओळींची जागा रिकामी पडली.
भरू का म्हटलं तर नको म्हणाले.

शंभर प्रती काढल्या. बावन्न अजून
माझ्या टेबलाखाली आहेत,
द्राक्षाच्याच पेटीत.
पत्रिकेला आलेलं कुणी कधी
वाट बघता बघता एखादी उचलतं,
मधूनच उघडतं,
आणि विचारतं, ताई, हा पडतो म्हणजे कसा?